न्हाई म्हणणारी गाडी

जगन आडे बावीस वर्षं सेनगाव ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवत होता. पहिली सात वर्षं दुसऱ्याची, पुढची पंधरा स्वतःची. आता जीपचं वय झालं होतं. दिवाळीनंतर तिला प्रवासी घेऊन रस्त्यावर यायची परवानगी मिळणार नव्हती, आणि नवी गाडी घेणं जगनच्या आवाक्यातलं नव्हतं. तांड्यावरची दीड एकर जमीन धाकटा भाऊ हरिचंद कसत होता. तेवढ्यात त्याच्याच घराचं कसंबसं भागे, तिथं आणखी एक घर कुठून बसवणार? जीप थांबली की जगनही घरी बसणार, इतका सरळ मामला होता.

अशात स्टँडवर एक बातमी येऊन थडकली. एका मोटार कंपनीची माणसं हिंगोलीच्या मंगल कार्यालयात येणार होती. दोन वर्षांनी बाजारात येणाऱ्या गाडीत ड्रायव्हर लोकांना काय काय पाहिजे, ते विचारून घेणार होती. आजवर ड्रायव्हरला ‘काय पाहिजे’ असं फक्त ढाबेवाल्यानं विचारलं होतं, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना. पण खरी गंमत पुढं होती. त्या गाडीचा एक नमुना तयार होता. ज्या ड्रायव्हरचं बोलणं आणि चालवणं कंपनीला पटेल, त्याला तो वर्षभर आपल्या रस्त्यावर चालवायला मिळणार होता. वर्ष नीट गेलं तर गाडी त्याच्याच नावावर होणार होती.

जगनची बायको शिला हे ऐकून तव्यावरची भाकरी परतायची विसरली. “मंग तुमी काय मागणार?”

जगनला काही सुचेना. सकाळी चालू हो, यापलीकडे त्यानं कधी गाडीकडं काही मागितलंच नव्हतं.

“बसणारायलाच इचारा की,” शिला म्हणाली. “तुमी नुस्ते समोर पाहता. तकलीफ त्यायला.”

बाईचं म्हणणं रास्त होतं. दुसऱ्या दिवसापासून जगननं शर्टाच्या खिशात एक वही ठेवली आणि जो बसेल त्याला विचारायला सुरुवात केली. लोकांच्या मागण्यांना तर ऊतच आला. तांड्यावरची मोतीबाई, जी दर बाजाराला भाजीची पाटी घेऊन यायची, तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “पायरी खाली घ्या म्हणावं. तुह्या गाडीत चढायचं म्हंजे एक जण वरून वढतो, एक जण खालून ढकलतो, अन् ढकलणारा कोन हाय ते बी कळत न्हाई.” ग्यानबा बोरकरला त्याच्या बैलाला राग येणार नाही असा हॉर्न हवा होता. कॉलेजला जाणाऱ्या पुनमनं मोबाईल चार्ज करायची सोय सांगितली, आणि मग हळूच म्हणाली, “काका, ड्रायव्हरचा आरसा फक्त रस्ताच दाखवील असा पायजे. तुमचं न्हाई म्हणत.” जगननं तेही लिहून घेतलं. बाकीच्या जीपवाल्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि तो मनातल्या मनात हसला.

मागच्या बाकावर सटवाजी काठी मांडीवर ठेवून बसला होता.

“मामा, तुमाला काय पायजे?”

“धरायला कायतरी,” सटवाजी म्हणाला. “उजव्या अंगाला.”

जगनची पेन्सिल तिथंच थांबली.

ज्यांनी या जिपांतून कधी प्रवास केला नाही त्यांना सांगायला हवं. पुढं ड्रायव्हर धरून दोघांची, फार तर तिघांची जागा असते, आणि बसतात चौघं. चौथा ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, दाराच्या कडेला. ड्रायव्हर सरकतो, अर्ध्या सीटवर तिरका बसतो आणि लांब हात करून गाडी हाकतो. सटवाजी दोन वर्षांपूर्वी तसाच उजवीकडं बसला होता. नर्सीच्या अलीकडच्या वळणावर समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला, जगननं झटक्यात स्टेअरिंग फिरवलं, त्याचं कोपर सटवाजीला लागलं आणि सटवाजी रस्त्यावर पडला. खुबा मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सटवाजीनंच कण्हत सांगितलं, बैलगाडीतून पडलो. मागं उभ्या असलेल्या तेरा माणसांनीही बैलगाडीच सांगितली. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. केस झाली तर जीप जमा होईल आणि जगनच्या पोटावर पाय येईल, एवढं सगळ्यांना न सांगता कळलं होतं. तेव्हापासून सटवाजी काठी घेऊन चालतो, जगनच्याच जीपनं येतो, आणि जगन दिसला की आधी तोच हसतो. ते हसू जगनला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

उजवीकडं पुन्हा कुणाला बसवायचं नाही, अशी त्यानं त्या दिवशी शपथ घेतली होती. ती तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी ग्यानबा तापलेलं नातवंड कडेवर घेऊन रस्त्यात उभा होता, गाडी गच्च भरलेली होती, ग्यानबा म्हणाला, “सरक बरं जरासा.” आणि जगन सरकला. मग जो तो म्हणत गेला, जगन सरकत गेला.

ठरलेल्या दिवशी हिंगोलीच्या मंगल कार्यालयात पन्नासेक ड्रायव्हर जमले. कोणी शिरड शहापूरचे, कोणी कनेरगाव नाक्याचे. सेनगावहून जगन आणि विश्वंभर. विश्वंभर जगनच्या पुढच्या नंबरावर जीप लावायचा. माणूस बोलायला तयार आणि मनानं चांगला. त्यानं आपल्या मागण्या कॉम्प्युटरवर छापून आणल्या होत्या आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. मोठ्या हुशार बाई, पण तोऱ्याच्या नाहीत. ज्याचं नाव पुकारलं जाई त्यानं अंगणातल्या पांढऱ्या नव्या गाडीत बसायचं, एक चक्कर मारायची आणि मग काय हवं ते सांगायचं. विश्वंभरनं लोण्यासारखी गाडी फिरवली. उतरून त्यानं घडाघडा वाचून दाखवलं: मागं घेताना दिसायला कॅमेरा, डुलकी लागली तर ड्रायव्हरला हलवून उठवणारी सीट, पायाला गार वारा. मॅडम खूष दिसल्या.

मग जगनचं नाव आलं.

तो गाडीत बसला. दार लावलं. पट्टा ओढला, पण पट्ट्याची खाच काही सापडेना. त्यानं डावीकडं चाचपलं, खाली चाचपलं. गाडी टींऽ टींऽ करायला लागली. पट्टा लागल्याशिवाय बटण दाबूनही इंजिन चालू होईना. खिडकीशी उभे असलेले ड्रायव्हर आधी गालात, मग मोठ्यानं हसायला लागले.

“काका,” मॅडम खिडकीशी येऊन वाकून म्हणाल्या, “तुम्ही असे का बसलात?”

“कसा?”

“पट्ट्याच्या खाचेवर बसलाय तुम्ही. अर्धे सीटच्या बाहेर आहात.”

जगननं उजवीकडं पाहिलं. त्याच्या आणि दाराच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. नव्याकोऱ्या गाडीत, जिथं एक चिटपाखरू बसलेलं नव्हतं, तिथं तो सवयीनं सरकून बसला होता. त्याला घाम फुटला.

“मॅडम, कंबर धरली हाय त्याची,” गर्दीतून विश्वंभर ओरडला. “कालपासून सरळ बसता येत न्हाई त्याला.”

विश्वंभरनं हे जगनला वाचवायला म्हटलं होतं, आणि जगनला ते कळलं. नुसती मान हलवायची होती. खिशात वही होती, वहीत पायरी होती, हॉर्न होता, आरसा होता. एवढं वाचून दाखवलं तर गाडी मिळण्याची आशा होती. बाहेर शिला नव्हती, पण तिचा चेहरा त्याला दिसत होता.

“कंबर बराबर हाय माही,” जगन म्हणाला. “इथं माणूस बसतो, मॅडम. बावीस वर्षं बसून राहिला.”

मॅडमनी लिहायचं थांबवलं. “ड्रायव्हरच्या उजवीकडे?”

“व्हय. अन् एक जण पडला बी. माह्या कोपरानं. खुबा मोडला त्याचा. त्यानं बैलगाडी सांगितली म्हणून मी आज इथं हाय.”

हसणं थांबलं. विश्वंभरनं कपाळावर हात मारला.

“मग तुम्हाला नव्या गाडीत काय हवंय?” मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

जगन गाडीतून उतरला. वही खिशातच राहिली. “मला न्हाई म्हणणारी गाडी पायजे. रस्त्यात जे उभं राहतं ते समदं वळखीचं. कोनी मामा, कोनी मावशी. एखाद्याचं लेकरू बिमार. मला न्हाई म्हणताच येत न्हाई, मॅडम. तोंडातून शब्दच निघत न्हाई. एक माणूस जास्तीचं बसलं की गाडीनं जागची हलू नये. टींऽ टींऽ करावं, बंद पडावं, कायबी करावं. मंग मी म्हणीन, मामा, मी तर घेतलं असतं, गाडीच आयकत न्हाई. त्याला राग आला तर गाडीचा येईल. अन् तो घरी तर बराबर जाईल.”

चारचौघांत रडायचं नाही म्हणून तो गाडीच्या चाकाकडं बघत राहिला. मॅडमनी बराच वेळ लिहिलं.

दुपारी निकाल सांगितला. गाडी विश्वंभरला मिळाली, आठवड्यानं सेनगावात येणार होती. टाळ्या झाल्या, जगननंही वाजवल्या. मग मॅडम मुद्दाम त्याच्याजवळ आल्या.

“तुमची मागणी मी यादीत सगळ्यात वर घातली आहे,” त्या म्हणाल्या. “खरं सांगते, आज दिवसभरात ऐकलेली तीच एक कामाची गोष्ट. पण माणूस पडल्याचं तुम्ही स्वतः सांगितलंत. आता तुम्हाला गाडी देणं माझ्या हातात राहिलं नाही.”

“म्हाईत हाय,” जगन म्हणाला. “तशी गाडी यायला किती दिवस लागतील?”

“दोन वर्षं. कदाचित जास्त.”

“अन् तवर?”

त्यांनी त्याला नमस्कार केला.

जगन चालत जीपस्टँडवर आला. शिलाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत त्यानं नंबर लावला. बाजाराचा दिवस, गाडी बघता बघता भरली. मागं मोतीबाई रिकामी पाटी घेऊन बसली, मधल्या बाकावर चौघं, पुढं डावीकडं दोघं. जगन किल्ली लावणार तेवढ्यात विश्वंभर धावत आला. हातात कंपनीची फाईल, गळ्यात हार, आणि तोंडभर आनंद. आज त्यानं स्वतःची जीप आणली नव्हती. कुणी सांगायची गरज नसल्यासारखा तो वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि त्यानं एक पाय आत टाकला.

“सरक, जगन.”

जगनचं अंग आपोआप डावीकडं हललं. मग ते थांबलं.

“न्हाई,” तो म्हणाला.

विश्वंभरला वाटलं, गंमत करतोय. “अबे सरक की. सेनगावला जायचंय, मुंबईला न्हाई.”

“जागा न्हाई, विश्वंभर. मागच्या गाडीनं ये.”

“मागची गाडी भरायला तास लागतो. घरी समदे वाट पाहून राहिले.” विश्वंभरचा चेहरा उतरला. त्यानं आवाज खाली आणला. “जळून राहिला का तू? म्या तुला वाचवायलाच बोललो होतो तिथं.”

“म्हाईत हाय मला. अन् थोडा जळून बी राहिलो, खोटं कशाला बोलू? पण त्याच्यासाठी न्हाई. इथं आता कोनीच बसणार न्हाई.”

“घे रे त्याला,” मागून मोतीबाई म्हणाली. “आज त्याचा दिवस हाय. असं कोनी करतं का?”

मधल्या बाकावरच्यांनीही माना हलवल्या. सगळी गाडी विश्वंभरच्या बाजूनं होती. स्टँडवर या माणसासारखा शेजारी पुन्हा मिळणार नाही, हे जगनला ठाऊक होतं. सटवाजी पडला त्या दिवशीही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

“पाय काढ, विश्वंभर,” तो म्हणाला. “पाया पडतो तुह्या. काढ.”

विश्वंभरनं पाय काढला. तो मागं सरकून उभा राहिला.

जगन सीटच्या मधोमध बसला. स्टेअरिंग बरोबर छातीसमोर आलं आणि त्याला ते परकं वाटलं. गाडी निघाली. शहराबाहेर पडेपर्यंत हाताच्या जुन्या सवयीनं तिचं नाक सारखं एका बाजूला जात होतं आणि तो ते सारखं सरळ करत होता. दिवाळीला अजून अडीच महिने होते. अडीच महिने रोज, या रस्त्यावरच्या एकेका ओळखीच्या माणसाला त्याला स्वतःच्याच तोंडानं ‘न्हाई’ म्हणावं लागणार होतं.

मागं मोतीबाई शेजारणीला सांगत होती, की गाडी मिळाली न्हाई म्हणून जगन्यानं माणुसकी सोडली. जगननं ते ऐकलं. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं गिअर बदलला.