ड्रमाच्या काठावर टांगलेली चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे अवघ्या एका उन्हाळ्याची. डोक्यावर ओझं वाहताना खाली कापडाचं जे गोल कडं ठेवतात, ती मी.

चुंबळ रोज संध्याकाळी सोडतात, धुतात, वाळत घालतात आणि सकाळी पुन्हा वळतात. मला आता सोडता येत नाही. मी दगडासारखी कडक झाले आहे. त्यामुळे माझी हकीकत सरळ उलगडणार नाही. जिथे जिथे मला तडे गेले आहेत, तिथून तुकड्यातुकड्याने सांगते.

तुकडा पहिला

एका जुन्या सुती चादरीतून माझा जन्म झाला. आत्याने चादरीच्या पट्ट्या फाडल्या, पिळल्या आणि वेढ्यावर वेढा घालून मला वळलं. एक टोक मुद्दाम लांब ठेवलं. भाचीची मान उन्हात भाजू नये, म्हणून ते मागे रुळायचं होतं.

आत्या वीस वर्षं बांधकामावर विटा आणि सिमेंटचा कालवलेला माल वाहत होती. तिच्या डोक्यावरचा रुमाल कधी कुणी सुटलेला पाहिला नव्हता. मी पाहिला. मला नीट बसते का ते बघायला तिने दार लावून घेतलं आणि आधी स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. तिथे टाळूवर बशीएवढी जागा होती. गुळगुळीत. एकही केस नाही.

मग तिने दार उघडलं आणि भाचीला हाक मारली. भाचीला एकोणिसावं लागलं होतं. तिची वेणी कमरेखाली जायची.

"ऐक नीट. चुंबळ कोरडी ठेवायची नाही. लोखंडी घमेलं उन्हात तव्यासारखं तापतं. चुंबळ ओली असली की धग खाली उतरत नाही."

"बरं."

"बरं काय? पुढं ऐक. वेणी खाली, मानेशी. अंबाडा घालून त्यावर ओझं घ्यायचं नाही, मुळं सैल होतात. तेल संध्याकाळी, डोकं धुतल्यावर. सकाळी तेल चोपडून गेलीस तर टाळूवर धुळीचं लिंपण होईल."

"तुला गं कसं एवढं माहीत?"

"पावसाळे बघितलेत जास्त. मान सरळ कर."

तुकडा दुसरा

अशा हकिकतीत यानंतर सोन्याचे दिवस येतात. माझे नऊ होते.

आम्ही रोज चार जिने चढायचो. वर घमेलं, मध्ये मी, खाली भाची. मुकादमाने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'वेणीवाली' ठेवलं. माझ्यातून पाणी झिरपायचं आणि लांब टोकावरून तिच्या मानेवर उतरायचं. बाकीच्या बायका म्हणायच्या, "आत्याबाई, आमच्यासाठीही एक वळा की!" मला फार अभिमान वाटायचा. अभिमान वाटायला नऊ दिवस पुरतात.

पाणी कुठून यायचं, ते सांगायला हवं. मुकादम प्रत्येकीला दिवसाला दोन बाटल्या द्यायचा. "पाणी पोटासाठी आहे, डोक्यासाठी नाही," असं त्याने बजावलं होतं. आत्या आपली एक बाटली माझ्यावर रिकामी करायची आणि भाचीला सांगायची, "मला कुठे एवढी तहान लागते?"

दहाव्या दिवशी दुपारी आत्या दुसऱ्या जिन्यावर मटकन बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत्याबाई, जिना चढायला असतो, बसायला नाही," मुकादम वरून ओरडला.

"जिना तुझा आहे, पाय माझे आहेत. घडीभर बसू दे."

सगळे हसले. भाची हसली नाही. ती आत्याच्या रिकाम्या बाटलीकडे बघत होती.

तुकडा तिसरा

माल कालवायच्या यंत्राशेजारी एक पत्र्याचा ड्रम होता. गवंडी त्यात थापी आणि घमेली बुचकळायचा. सिमेंटचा राडा तळाशी बसायचा आणि वर पाणी राहायचं. अगदी नितळ. त्यात आभाळ दिसायचं.

त्या दिवसापासून भाचीने मला तिथे बुडवायला सुरुवात केली.

"काय गं वेणीवाली, माझ्या ड्रमात मासे धरतेस का?" गवंड्याने विचारलं.

"घावले तर तुम्हाला देते, दादा."

"काटे काढून दे म्हणजे झालं."

तोही हसला आणि थापी घेऊन वर गेला.

भाचीने आत्याला सांगितलं, "मी चुंबळ भिजवून आणली. तू तुझं पाणी पी." आत्याने कुठून ते विचारलं नाही. तिला खरोखर तहान लागली होती.

आणि मी? मला गार वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? ते पाणी जाळतं, हे मलाही कळलं नाही. ते लगेच जाळत नाही. आधी थंडावा देतं.

तुकडा चौथा

"आत्या, डोकं चुणचुणतंय."

"ऊन आहे. भिजव."

"आत्या, फार खाजतंय गं."

"घाम आहे तो. भिजव आणि नीट पिळून घे."

"आत्या, आग होतेय."

"पहिल्या उन्हाळ्यात होतंच. दिवसातून तीनदा भिजव. माझं ऐकलंस तर माझ्यासारखं..." एवढं बोलून आत्या थांबली. "जा, घमेलं भरलंय."

भाची गेली आणि मला तीनदा बुडवू लागली.

हा तुकडा माझ्या सगळ्यात आतल्या वेढ्याचा आहे आणि तो सगळ्यात कडक आहे. आत्याने एकदाही मला उचलून भाचीचं डोकं पाहिलं नाही. ती निष्काळजी नव्हती. स्वतःचं डोकं तिने वीस वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं, त्यामुळे डोकं ही बघायची गोष्ट असते हेच ती विसरली होती.

तुकडा पाचवा

ड्रमाच्या पाण्याच्या सहाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत भाचीने मला उचललं, तेव्हा मी एकटी आले नाही. केस आले. मुळांसकट, आणि त्यांना चिकटलेली कातडी.

तिने मला जमिनीवर ठेवलं आणि ती माझ्याकडे बघत बसली.

आत्या धावत आली. गवंडीही आला. त्याने वाकून पाहिलं. भाचीच्या डोक्यावर एक लाल, ओलं वर्तुळ होतं. बरोबर माझ्या मापाचं.

"उन्हानं झालं," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

गवंड्याने आपला पंजा त्या वर्तुळाशेजारी धरला. त्याची बोटं सालपटलेली होती आणि भेगांमधून लाल दिसत होतं.

"आत्याबाई, हे ऊन नाही. हे सिमेंट आहे. बघा, माझ्या हातासारखंच." मग तो हळू बोलला, "मी बघत होतो हिला ड्रमापाशी. रोज बघत होतो. मी माशांची चेष्टा करत बसलो."

आत्याने भाचीकडे पाहिलं. "ड्रमात? का गं बाई?"

"तुला पाणी उरावं म्हणून."

तुकडा सहावा

हा पडून फुटला. त्यात दवाखान्याची वाट होती. मी तेव्हा ड्रमापाशीच पडले होते. पुढचं आत्याने गवंड्याला सांगितलं, ते तेवढं ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम बराच वेळ साध्या पाण्याने धुतली. ती वेणी कापावी लागली. बाई म्हणाल्या, जखम भरेल, पण त्या वर्तुळात केस पुन्हा येणार नाहीत. पहिल्या दिवशीच भरपूर स्वच्छ पाण्याने धुतलं असतं तर बहुधा वाचले असते.

"भरपूर पाणी म्हणे," आत्या म्हणाली.

तुकडा सातवा

दोन महिन्यांनी भाची कामावर परत आली. तिला यावंच लागलं. मुकादम तरीही तिला 'वेणीवाली'च म्हणायचा. नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही.

चादरीच्या उरलेल्या अर्ध्या भागातून आत्याने नवी चुंबळ वळली. ती माझी बहीण. पिण्याच्या पाण्यावरून आत्या आणि गवंडी मुकादमाशी भांडले आणि प्रत्येकीला तीन बाटल्या मिळू लागल्या. रोज दुपारी आत्या भाचीला जिन्याच्या सावलीत बसवायची, तिचा रुमाल सोडायची आणि बोटांनी सगळं डोकं तपासायची. मग भाचीकडे पाठ करून बसायची, स्वतःचा रुमाल सोडायची आणि म्हणायची, "आता माझं बघ." पहिल्या दिवशी भाचीचा हात त्या बशीएवढ्या जागेवर बराच वेळ थांबला होता.

मला फेकून द्यायचं ठरलं होतं. पण गवंड्याने मला उचललं, तारेत ओवलं आणि ड्रमाच्या काठाला टांगलं. "लिहिलेलं इथे कोण वाचतं?" तो म्हणाला. "ही बघून तरी कळेल."

काही दिवस कळलं. ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना कळलं.

शेवटचा तुकडा

गवंडी गेल्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीच्या कामावर गेला. आत्या आणि भाचीही त्याच्याबरोबर गेल्या. ड्रम इथेच आहे. मीही.

आज नव्या बायका आल्या आहेत. ऊन तेच आहे. त्यांतली एक घमेलं खाली ठेवून इकडे येते आहे. तिच्या हातात कोरडी चुंबळ आहे, फुलाफुलांच्या कापडाची. तिने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी वाळत घातलेलं फडकं असेल, असं तिला वाटलं. मला बाजूला सरकवून तिने ड्रमात डोकावलं. पाणी नितळ आहे. त्यात तिचं तोंड दिसतं आहे.

मित्रांनो, उन्हाळ्यात डोक्याला सावली द्या, ओलावा द्या, पण ओलावा कुठला ते आधी बघा. कुणी डोकं चुणचुणतंय म्हणालं तर लगेच उपाय सांगू नका. आधी रुमाल सोडून बघा. एवढंच मला सांगायचं होतं, पण ते मी तुम्हाला सांगून काय उपयोग? सांगायला हवं तिला, आणि मला तोंड नाही.

तुम्हाला आहे. ती वाकली आहे. हाक मारा.