पाणी लागेपर्यंत

त्या गुरुवारी शाळेत टँकर आला नाही आणि त्याबद्दल कोणी विचारलेही नाही, कारण त्या दिवशी अंगणात बोअर घ्यायचा होता. पाटोदा तालुक्यातल्या या गावात दुष्काळाचे हे तिसरे वर्ष. जनावरे चारा छावणीत गेल्यामुळे दूध संस्थेचे कॅन पालथे पडले होते, तरी संस्थेने उरलासुरला निधी शाळेच्या पाण्यासाठी दिला. जागा पाणाड्याने दाखवली होती. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथे उभा राहिला, तिथे चुन्याची फुली मारली गेली. नारळ पाण्यामुळे उभा राहतो की हाताच्या हालचालीमुळे, हे तपासणे अवघड नाही. त्याच माणसाला डोळे बांधून पुन्हा चालवले की पुरे. तसे कोणी केले नव्हते.

सारजा अंतिम पाठाचे साहित्य घेऊन त्याच सकाळी आली. ती विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात बी.एड. करत होती आणि सरावासाठी तिला हीच शाळा मिळाली होती. नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेल्यावर सासरे आश्रुबांनी तिला शिकू दिले होते, पण मुदत घालून. "यंदा पास झालीस तर मास्तरीण हो. न्हाई तर दसऱ्यानंतर दीर-जावंसंगं ऊसतोडीला. मला बी गावात तोंड दाखवायचं हाय." अंतिम पाठाला परीक्षक एकदाच येत. ते आज येणार होते. इयत्ता सातवी, घटक भूजल. काचेच्या बरणीत खडी, वाळू आणि मुरूम यांचे थर रचून तिने जमिनीचा छेद तयार केला होता.

मुख्याध्यापक उत्तरेश्वर गुरुजींनी तिला फाटकातच अडवले.

"ताई, जरा ऐका. पाच सवाष्णी मशीनची पूजा करणार हायेत. पाणी लागेपर्यंत तुमी अंगणात नका येऊ."

"गुरुजी, वर्ग अंगणापलीकडं हाय. जाऊ कशी?"

"मागून वळसा घाला. दार लावून आत बसा. पोरं मग पाठवतो."

"अन् मी अंगणातून गेले तर काय होतंय? पाणी जमिनीत कुठून येतं, तेच तर शिकवायला आलेय आज."

तेवढ्यात दूध संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव जवळ आले. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला भांडता तरी आले असते.

"पोरी, मी न्हाई मानत असलं काही. पर बोअर कोरडा गेला तर गाव कुणाचं नाव घेईल? तुझंच ना? तुझ्याच भल्याचं सांगतोय."

परीक्षक नुकतेच जीपमधून उतरले होते. विभागात विज्ञान अध्यापन तेच शिकवत, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन हा त्यांच्या व्याख्यानांचा आवडता विषय होता. सारजाने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी तिला बाजूला घेतले.

"आज वाद नको, सारजा. तुझा पाठ होणं महत्त्वाचं. पदवी हातात आली की मग सुधार जगाला."

ती बरणी छातीशी धरून मागच्या बाजूने गेली.

दार बंद झाले. खिडकीच्या फटीतून दगडाची पांढरी भुकटी आत येऊन बाकांवर बसू लागली. बाहेर पूजा आटोपली, आणि मशीनवाला दिलावर ओरडला, "चेअरमनसाब, गाडीला कुंकू लागलं, आता तिला नवरा बघा की!" सवाष्णींसकट सगळे अंगण हसले. सारजाने बरणीतला सरकलेला वाळूचा थर पुन्हा सपाट केला.

दुपारी पाणी लागले.

इथे वाचकाने क्षणभर थांबावे. बोअर कोरडा गेला असता, तर सारजा फाटकापर्यंत आली होती हे कारण निघाले असते. पाणी लागले, तर ती आत होती हे कारण निघाले. कोणताही निकाल जिला खोटी ठरवू शकत नाही, ती समजूत खरी असतेच असे नाही. ती फक्त सुरक्षित असते. आणि तिच्या सुरक्षिततेची किंमत दर वेळी खोलीत बसलेले माणूस देते.

भिजलेली मुले वर्गात आली. सारजाने बरणीत पाणी ओतले. ते थरांतून झिरपत खडीपाशी साचले. मुले बाकांवर उभी राहिली. पुढे बसलेल्या केसरने हात वर केला.

"बाई, मंग आपल्या बोअरचं पाणी आधीपासूनच खाली होतं?"

"होय. खडकाच्या फटीत."

"तुमी भायेर आल्या असत्या तर पळालं नसतं?"

"न्हाई गं. पाणी माणूस बघून हलत नाही."

"मंग तुमाला आत कावून बसवलं?"

मागच्या बाकावर परीक्षक आणि कपाळाला गुलाल लावलेले गुरुजी शेजारी शेजारी बसले होते. उत्तर त्या दोघांकडे होते. परीक्षकांनी कागदावरून मान वर केली नाही. गुरुजी म्हणाले, "केसर, पाठाबाहेरचं विचारायचं न्हाई."

मुलगी उभीच राहिली. ती गुरुजींकडे नव्हे, बाईंकडे पाहत होती. सारजाने तोंड उघडले. तिला दसरा आठवला, उसाच्या फडावरचे राहायचे पाल आठवले.

"बस, केसर," ती म्हणाली.

केसर बसली. पाठ पुढे सरकला आणि नीट संपला.

"उत्तम," परीक्षक जाताना म्हणाले. "मुलांना बोलतं केलंस. पास आहेस तू."

अंगणात प्रसाद वाटला जात होता. केसर स्टीलच्या पेल्यात नवे पाणी घेऊन वर्गाकडे धावत आली. अर्धे वाटेत सांडले होते. सारजा हसून दाराकडे निघाली. तिला येताना पाहून मुलीने घाईने पेला उंबऱ्यावर ठेवला आणि दोन्ही हात आडवे धरले.

"बाई, तितंच थांबा! तुमी नका भायेर येऊ. लई मुश्किलीनं लागलंय."

तिच्या स्वरात तुच्छता नव्हती. काळजी होती, आणि आवडत्या बाईंना स्वतः पाणी आणून दिल्याचा आनंदही होता.

सारजाने उंबऱ्यावर टेकलेला पाय मागे घेतला.