वरच्यापेक्षा मोठं

"घरात माणसं किती?" दुकानदारानं विचारलं.

"दोनच," नवरा म्हणाला.

"मग पाणी शुद्ध करायचं हे छोटं यंत्र घ्या. पुरून उरेल."

"माणसांचं राहू द्या," थोरली फणकारली. "परवा माझी धाकटी जाऊ तुमच्याकडूनच घेऊन गेली ना? तिच्याहून मोठं दाखवा."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "अगं, आपल्या नळाला काय धाड भरलीये?"

"तुम्ही गप्प बसा."

आता हिला कोण समजावणार? खोली मोठी म्हणून सासूबाई वरच्या मजल्यावर धाकटीकडं राहायला गेल्या, तेव्हापासूनच थोरलीचा जळफळाट चालू होता. इतकी वर्षं त्यांचं दुखणंखुपणं हिनं काढलं आणि आयत्या बिळावर धाकटी! त्यात धाकटीनं ते पाण्याचं यंत्र आणलं. सासूबाई रोज दुपारी कठड्याला धरून जिना उतरत, थोरलीच्या शिलाई मशीनपाशी टेकत. थोरलीनं उकळून माठात गार केलेलं पाणी तांब्याभर पीत आणि कौतुक सांगत, "वरच्या यंत्राला निळा दिवा आहे गं. टाकी भरली की गाणं म्हणतं." थोरलीच्या हातातली शिवण वाकडी जाई. पाणी प्यायचं माझं आणि गुण गायचे तिचे! मेलं कशाला येतात मग खाली?

मोठं यंत्र भिंतीवर बसलं. ओटा निम्मा झाकला गेला, पण थोरलीची छाती फुगली. माठाला तिनं तळाशी भोक पाडलं, माती भरली आणि कोथिंबीर पेरून दारात ठेवून दिला.

दुपारी सासूबाई आल्या. थोरलीनं काचेचा नवा ग्लास भरून पुढं केला. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला.

"वरच्यासारखंच लागतंय."

"वरच्यासारखं काय? कितीतरी चांगलं! गाणंसुद्धा मोठ्यानं म्हणतं."

"हो का?" त्यांनी अर्धा ग्लास खाली ठेवला. "मला ते यंत्राचं पाणी घशाखाली उतरत नाही गं. धाकटीला कसं सांगू, हौसेनं आणलंय पोरीनं. म्हणून तुझ्याकडं यायची." गुडघ्यांवर हात रेटत त्या उठल्या. "असू दे. आता तेवढ्यासाठी जिना उतरायला नको."

'नुसतं बसायला तरी येत जा' हे शब्द थोरलीच्या अगदी ओठांवर आले होते. पण आजवर ती कोणाला 'या' म्हणाली नव्हती. जिन्यावरची पावलं थांबत थांबत वर गेली. वरचं दार लागलं.

थोरली दारात जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी माठातली माती उपसू लागली. भोक काही बुजणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. आत टाकी भरली आणि यंत्र गाऊ लागलं.

"बंद करा हो ते!" ती नवऱ्यावर ओरडली आणि माती उपसत राहिली.