अंबूबाईच्या हाताचा गुण

बेडश्याच्या डोंगराखाली सफरचंद लावणार म्हटल्यावर लोक पोट धरून हसले होते. पण तेजलनं लोणावळ्याच्या हॉटेलातली नोकरी सोडून बाग उभी केली आणि ती बघून शेजारच्या शालूबाईनंही झाडं लावली. दोन्हीकडे बुंध्याजवळचे फुटवे छाटायला माणूस एकच, तेजलची आई अंबूबाई. तिच्या हाताला गुण आहे, ती कापेल ते झाड जोमानं वाढतं, असं सगळी आळी म्हणायची. अंबूबाईलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

आज सकाळी तेजलनं एक मरतुकडं झाड उपटलं, तर मुळाशी बटाट्याएवढ्या गाठी. दुसरं उपटलं, तिथंही तेच. कृषी सहायकानं फोटो पाहून फोनवरच सांगितलं, हा जिवाणूंचा रोग, जखमेतून शिरतो, शिरल्यावर औषध नाही. रोगट झाडं उपटून जाळा. आणि हो, प्रत्येक झाडानंतर कोयता स्पिरिटनं पुसत होता ना?

अंबूबाईनं शेजारी पडलेल्या कोयत्याकडे बघितलं. पुसतंय कोण! काल हाच कोयता घेऊन ती शालूबाईकडे सावडीला, कामाच्या बदल्यात कामाला, गेली होती. तिची अर्धी बाग छाटून झाली होती.

"आये, कुणाला बोलू नगंस," तेजल रडत म्हणाली. "आपलं वाटोळं झालं ते झालं."

तेवढ्यात शालूबाई कोयत्याला लावायचं हळदीकुंकू घेऊन हजर. "चला मावशी, उरलेली झाडं वाट बघत्यात."

तरी अंबूबाईनं सांगून टाकलं. "शालू, ह्या कोयत्यानं तुज्या बागेत रोग नेलाय गं. कालची झाडं उपटावी लागतील. उरलेली तरी वाचव."

शालूबाई आधी पांढरी पडली, मग भडकली. "तुमची बाग गेली म्हून माजी बी उपटू व्हय? येऊ नका तुमी! माजी मी छाटते." आणि तोच कोयता उचलून ती तरातरा निघाली.

अंबूबाई मागं धावली. हाका मारल्या, पदर पसरला, शालूबाई ऐकेना. ती न छाटलेल्या पहिल्या झाडाशी वाकली तशी अंबूबाईनं बुंध्याला मिठी मारली.

"आदी मला काप! पन ह्याला पातं लावू नगंस!"

शालूबाईनं कोयता लांब फेकला.

"काल कंच्या कंच्या झाडांना हात लावला तुमी?" तिनं विचारलं.

अंबूबाई उठली आणि एकेका झाडाकडे बोट दाखवू लागली. एकही झाड तिला विसरता आलं नाही.