आत्याचं सेटिंग

“उडी उशिरा मारतीस तू,” ज्योती म्हणाली.

संस्कृतीने मान वळवली. गुरांच्या घासाची पाटी कमरेवर घेऊन आत्या दारात उभी होती. तिची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर होती. तिथे कंदील घेतलेला एक माणूस भुयारातल्या खोल दरीत पडला होता. सकाळपासून तो तिथेच पडत होता.

“कडेला गेलीस की थांब. एक पाऊल मागं घे. मग पळ, अन् पळतानाच उडीचं बटण दाब. कडेला पोचल्यावर दाबशील तर उशीर झालेला असतो. जुना गेम हाय तो. त्याला पावलं मोजून द्यावी लागत्यात.”

संस्कृतीने तसं केलं. कंदीलवाला दरी ओलांडून पलीकडच्या कठड्याला लटकला.

“आत्या, तुला कसं माहीत?”

“आधी वर घे त्याला. लटकत नको ठेवू,” एवढं बोलून ज्योती पाटी घेऊन गोठ्याकडे गेली.

संस्कृती ही ज्योतीच्या भावाची, अजिनाथची मुलगी. नगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दिवाळीच्या सुट्टीत पुणतांब्याला आत्याकडे आली होती. गेम तिच्या जन्माच्याही आधीचा. कंपनीने त्याची चित्रं नव्याने रंगवून, आवाज स्वच्छ करून तो पुन्हा बाजारात आणला होता. हॉस्टेलवर सगळे त्याच्या मागे लागले होते आणि सगळेच पहिल्या दरवाजापाशी अडकले होते. गेममध्ये असे सात दरवाजे होते.

धारा काढून झाल्यावर ज्योती ओट्यावर येऊन बसली, तेव्हा तिने सांगितलं. केडगावला आबांचं, म्हणजे संस्कृतीच्या आजोबांचं, व्हिडिओ गेमचं दुकान होतं. घराच्याच पुढच्या खोलीत चार टीव्ही मांडलेले. आबा सामान आणायला गेले की दुकानात ज्योती बसायची. गिऱ्हाईक नसलं की हाच गेम लावायची. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसायचं नाही, म्हणून सगळे त्याला ‘सात दरवाजे’च म्हणायचे. कॉलेजची पोरं अडली की हळूच विचारायची, ताई, पाण्याखालचा खटका कुठे आहे? ती सांगायची. सहाव्या दरवाजापर्यंत ती एकटीच पोचली होती. मग कुणीतरी आबांच्या कानावर घातलं की पोरगी पोरांमध्ये बसते. दुसऱ्या दिवसापासून दुकानात अजिनाथ बसू लागला. वर्षभरात ज्योतीचं लग्न झालं.

“मग सातवा दरवाजा?”

“राहिला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. ज्योतीने गेमचा रिमोट हातात घेतला. तिच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं तेरा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. त्या हाताने ती भाकरी थापत होती, धारा काढत होती, खुरपत होती, त्यामुळे घरात आता ते कुणाच्या लक्षातही येत नसे. पण या गेममध्ये कठड्याला लटकायचं तर उजव्या तर्जनीने पकडीचं बटण दाबून धरावं लागे. ज्योतीने उडी बरोबर मारली. पाऊल, पळणं, वेळ, सगळं जिथल्या तिथे होतं. कंदीलवाल्याचे हात कठड्याला लागले आणि तो खाली गेला. तिने करंगळी वाकवून पाहिली. रिमोट मांडीवरून घसरला.

संस्कृती मागे येऊन उभी होती. “आत्या, नव्या गेममध्ये बटणं बदलता येतात. पकड डाव्या हाताला घेऊ. आणि दाबून धरायची गरज नाही, एकदा दाबलं की तो धरूनच ठेवील, असंही करता येतं.”

“बटणं बदलून खेळायचं तर मंग खेळायचं कशाला?” ज्योतीने रिमोट बाजूला ठेवला. “आमी हायती त्या बटणांवर खेळलो.”

भाऊबीजेला अजिनाथ आला. ओवाळणं झालं, जेवणं झाली. लॅपटॉपवर गेम पाहून तो हसला.

“अगं, हा तर आपल्या दुकानातला. मी लई खेळायचो हा.”

“आत्यापण खेळायची ना पप्पा,” संस्कृती म्हणाली. “ती आता पुन्हा—”

“तिला कशाला तरास देतीस? तिच्या हाताला जमनार हाय का आता ते?” तो मायेनेच बोलला होता. त्यामुळे तर ज्योतीला ते जास्त लागलं. दुकानातून उठवलं तेव्हाही सगळे असेच मायेने बोलले होते.

ताटं तशीच ठेवून तिने हात पुसले आणि लॅपटॉपसमोर मांडी घातली.

“दाखव गं ते सेटिंग.”

अर्धा तास दोघी एकेक बटण बदलून पाहत होत्या. रिमोट हातात धरायचा नाही, पाटावर फडकं घालून त्यावर ठेवायचा, हे ज्योतीनेच शोधलं. पकड डाव्या हाताला गेली, उडी उजव्या अंगठ्याला राहिली, कंदील विझवायचं बटण करंगळीला आलं. अजिनाथ चहा घेत पाहत होता. चौथ्या प्रयत्नाला कंदीलवाला लटकला आणि वर आला. ज्योतीने भावाकडे वळूनही पाहिलं नाही. ती पुढच्या खोलीत शिरली होती.

सुट्टी संपल्यावर संस्कृतीने आपला जुना लॅपटॉप आणि रिमोट तिथेच ठेवला. हॉस्टेलवरच्या पोरी अडल्या की ती आत्याला फोन करायची, आत्या व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायची. पुढे संस्कृतीने ते बोलणं खेळाच्या चित्रणाला जोडून ‘आत्याचं सेटिंग’ या नावाने इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली.

“तिसऱ्या दरवाजाला नवी चित्रं बंद करा,” ज्योती सांगायची. “नव्या रंगात भिंत दिसती झ्याक, पण तिची भेग दिसत न्हाई. एका बटणावर जुनं चित्र येतं. भेग बघा, मंग परत नवं लावा. अन् चाल दोन तऱ्हेची दिलीय, जुनी अन् नवी. मारामारीला नवी घ्या, माणूस चटकन वळतो. उड्यांना जुनीच घ्या, ती पावलाला पक्की हाय. आपला खेळ आपणच साठवायचा, अन् एकाच जागी न्हाई, तीन-चार जागी. न्हाईतर पाण्यात बुडताना साठवाल अन् दरवेळी बुडतच उठाल. बाण दाखवील, नकाशा दाखवील, अशी वाट बघत बसू नका. ह्यो गेम काही दाखवत न्हाई. कान द्या. पाण्याचा आवाज बदलला की समजायचं, जवळपास वाट हाय.”

सासू केशरबाईंना हे पसंत नव्हतं.

“चाळिशी उलटली तुझी,” त्या एका दुपारी म्हणाल्या. “दार लावून मशिनीशी बोलत बसतीस. लोकं इचारत्यात मला.”

“आई, घास झाला, धारा झाल्या, तुमचं जेवण झालं. साडेतीनला मी कांद्यात खुरपायला जाईन. त्याच्या आधीचा एक तास माझा हाय. लोकांना सांगा, ती कामात हाय म्हनावं.”

केशरबाई पुटपुटत उठल्या. पण चार दिवसांनी शेजारीण दारात आली तेव्हा ज्योतीने आतून ऐकलं, सासूबाई सांगत होत्या, “आत्ता न्हाई यायची ती. कामात हाय.”

जानेवारीत एका दुपारी सातवा दरवाजा उघडला. पलीकडे राक्षस असेल, खजिना असेल, असं तिला पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. पलीकडे मोकळं आभाळ होतं आणि पायऱ्यांवर गवत. कंदीलवाला कंदील खाली ठेवून बसला. ज्योतीही त्याच्यासोबत थोडा वेळ बसून राहिली, मग खुरपं घेऊन कांद्यात गेली. रात्री जेवताना नवऱ्याने, कल्याणने, विचारलं, “आज गप का?” ती म्हणाली, “गप न्हाई. बरं वाटतंय.”

फेब्रुवारीत संस्कृतीच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये याच गेमची स्पर्धा होती. पहिला दरवाजा कमीत कमी वेळात उघडायचा. बाहेरच्यांनाही भाग घेता येत होता. ज्योतीने स्वतःच संस्कृतीला नाव द्यायला सांगितलं. आदल्या दिवशी ती रेल्वेने नगरला आली, केडगावला माहेरी राहिली आणि सकाळी फडक्यात गुंडाळलेला पाट काखेत मारून कॉलेजात गेली.

कॉम्प्युटर लॅबमध्ये वीसेक पोरं होती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर नावं आणि वेळा लिहिल्या जात होत्या. पार्थ नावाचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा सगळं सांभाळत होता. ज्योतीला पाहून तो धावत आला.

“तुम्ही आत्या ना? आम्ही सगळे तुमचं ऐकतो. तिसऱ्या दरवाजाची ती भेग मला तुमच्यामुळे सापडली.”

आधी पार्थ आणि आणखी काहीजण खेळले, मग तिचा नंबर आला. ज्योतीने टेबलावर पाट ठेवला, त्यावर रिमोट ठेवला आणि सेटिंग उघडलं. पार्थ घुटमळला.

“आत्या, ते… बटणं बदलता येणार नाहीत. नियमात आहे. सगळ्यांना एकच सेटिंग.”

“नियम कुणी केला?”

“आम्हीच. म्हणजे कुणाला जास्तीचा फायदा नको म्हणून.”

ज्योतीने उजवा हात टेबलावर ठेवला. कुणाला दाखवण्यासाठी नाही. तिला तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. “मला काय फायदा होनार हाय, सांग बरं.”

पार्थचा चेहरा उतरला. तो परीक्षक सरांकडे गेला. सर उठून आले, सौम्यपणे बोलले. “मॅडम, तुमच्या जिद्दीचं आम्हाला फार कौतुक आहे. आपण असं करू. स्पर्धेत नको, संध्याकाळी स्टेजवर तुमचा सत्कार करू. शाल, नारळ. मुलांना दोन शब्द सांगा. प्रेरणा मिळेल त्यांना.”

“मी सत्काराला न्हाई आले, सर. नाव नोंदवून आले.”

“पण नियम सगळ्यांना सारखा हवा ना?”

“ते पोरगं चष्मा घालून खेळलं,” ज्योतीने खिडकीपाशी बसलेल्या एकाकडे बोट केलं. “त्याला तुमी चष्मा काढायला न्हाई लावला. अन् हे सेटिंग मी घरून न्हाई आणलं. गेम करनाऱ्यांनीच त्यात घातलंय. त्यांना माहीत हुतं, सगळ्यांचे हात सारखे नसत्यात. तुमी त्यांच्या पुढं गेलात.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बघा, हवं तर खेळा तुम्ही. पण ते धरता येणार नाही. स्पर्धेबाहेर.”

संस्कृतीने आत्याचा दंड धरला. “चल आत्या, जाऊ आपण.”

“जायचं कशाला? ट्रेन दुपारची हाय,” ज्योती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. “पार्थ, तू वेळ लाव. धरायची का न्हाई ते तुमी बघा. लावायला काय हरकत हाय?”

पार्थने मोबाईलवर वेळ लावली.

पहिल्या खोलीत ती सावकाश गेली. पोरं मागे गोळा झाली. दरीपाशी ती थांबली, एक पाऊल मागे घेतलं, धावली, लटकली, वर आली. पाण्याखालचा खटका तिने चाचपडत न बसता थेट गाठला. लांडगे आले तेव्हा नवी चाल लावली, संपल्यावर जुनी. एकदा रिमोट फडक्यावरून सरकला. तिने तो मनगटाने दाबून धरला आणि तसाच पुढचा कोपरा घेतला. शेवटच्या पायऱ्यांवर अंगठ्यात कळ आली. ती दातावर दात दाबून तशीच खेळत राहिली. दरवाजा वर सरकू लागला तेव्हा पार्थने वेळ थांबवली.

“सात मिनिटं बेचाळीस सेकंद,” पार्थ म्हणाला.

सगळ्यांची नजर फळ्याकडे गेली. पहिल्या नंबरला सहा मिनिटं पन्नास होती. दुसऱ्याला सात अठ्ठावीस. तिसऱ्याला आठ मिनिटं पाच.

ज्योतीने पाट फडक्यात गुंडाळला. मग ती फळ्यापाशी गेली. मार्कर डाव्या हातात घेतला आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावांच्या मधल्या अरुंद जागेत लिहिलं: ज्योती कल्याण धोर्डे, पुणतांबा, ७.४२. अक्षरं बारीक होती, तिरपी होती, पण वाचता येत होती. तिने नंबर घातला नाही. टोपण लावून मार्कर होता तिथे ठेवला.

“मॅडम, हे असं…” सर म्हणाले.

“वेळ खोटी असंल तर पुसा.”

पार्थ पुढे आला. “आत्या, सत्काराला तरी थांबा.”

“न्हाई रे. पावणेसहाला धारा असत्यात,” ती म्हणाली. “अन् तू उड्या लांबून घेतोस, मी मघाशी बघितलं. वेळ तिथं जातो तुझा. जवळून घेत जा.”

ती जिना उतरू लागली. संस्कृती खुर्चीवर राहिलेली आपली पिशवी आणायला मागे फिरली. सर बाहेर निघून गेले होते. पोरं पुढच्या खेळाडूभोवती जमली होती. पार्थ एकटाच डस्टर घेऊन फळ्यासमोर उभा होता. ज्योतीच्या खालच्या नावापुढचा तीनचा आकडा त्याने पुसला आणि चार केला, मग चारचा पाच, पाचचा सहा, असा एकेक नंबर तो खाली सरकवत होता.