धक्का कधी बसतो

"क्लच सोड. हळू. आनिक हळू... हां, धर तिथंच!"

दीक्षानं एक पाय ब्रेकवर दाबून ठेवत क्लच अर्धा सोडला, तसं उघड्या बॉनेटखालचं इंजिन एका अंगानं उसळलं आणि धप्पकन जागेवर बसलं. वाकून बघणाऱ्या शेषरावनं लेकीला उलटा गिअर टाकायला सांगितलं. इंजिन आता दुसऱ्या अंगाला उसळलं.

"गिअरबॉक्सचं माउंटिंग गेलं," तो हात पुसत म्हणाला. "ज्या रबरावर बसतो ते रबरच फाटलं. गिअर टाकला का समदं धूड हादरतंय. तुझ्या मायला तेच लागून राहिलं."

गॅरेजला लागूनच घर, आणि घराच्या ओट्यावर बाज. बाजेवर पडलेली जनकाबाई तिथूनच म्हणाली, "म्या म्हनलं न्हवतं का? गिअर टाकला का धक्का बसतोय म्हून."

"बराबर म्हनली. माझ्याहून मोठी मिस्त्री तू."

जनकाबाई हसली. हसताना तिनं पाठ मात्र हलू दिली नाही.

सेनगावात शेषराव तीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करत होता. गॅरेजच्या पाटीवर नाव नव्हतं, कारण पाटीच नव्हती. लोक आवाजाच्या तक्रारी घेऊन यायचे आणि आल्या आल्या सांगायला लागायचे, मिस्त्री, डाव्या चाकातून येतो बघा. शेषराव त्यांना मध्येच तोडायचा. "कुठून येतो ते म्या सांगतो. तुमी फकस्त कधी येतो ते सांगा." गिअर टाकताना, ब्रेक मारताना, वळताना, का खड्ड्यात? एवढं कळलं की निम्मं काम झालं. मग एकेक गोष्ट वगळत जायचं आणि उरेल तिला हात घालायचा. पुसेगावचे एक गुरुजी तर गाल फुगवून तोंडानं आवाज काढून दाखवायचे. शेषराव तोही गंभीरपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते ठीक हाय गुरुजी, पर कधी?"

असा हा चौकस माणूस नांदेडच्या दवाखान्यात मात्र मुका व्हायचा. दोन वर्षांपूर्वी जनकाबाईच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा सुटलो असं सगळ्यांनाच वाटलं होतं. यंदा पेरणीच्या सुमारास तिची पाठ दुखायला लागली आणि दुखणं मणक्यात उतरल्याचं निघालं. दर मंगळवारी तिला सलाइनमधून औषध द्यायला नांदेडला न्यावं लागे. दीक्षा सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर, त्यामुळे डॉक्टर जे काय सांगायचं ते तिला सांगत. शेषराव मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसे. त्यानं कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते त्याला नको होतं.

पण वाटेत गाडीला धक्का बसला की जनकाबाई कळवळायची, ते काही त्याला सहन होईना. आजार डॉक्टरांच्या हातातला होता. धक्का तर त्याच्या हातातला होता! तीस वर्षं जगाच्या गाड्या नीट केल्या आणि आपलीच बायको आपल्याच गाडीत कण्हते, याची त्याला मनापासून लाज वाटायची. जनकाबाईच्या पाठीला धक्का न लागता तिला नांदेडला नेऊन आणायचं, एवढं एकच त्यानं मनात धरलं होतं.

नवं माउंटिंग बसलं. पुढच्या मंगळवारी औंढा मागं पडला, तेव्हा दीक्षाच्या मांडीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर पडलेली जनकाबाई म्हणाली, "गिअरचा गेला बरं का. पर ब्रेक दाबला का बसतोच."

"ब्रेक दाबल्यावर का सोडल्यावर?"

"दाबल्यावर. कंबरंत येऊन बसतोय."

शेषरावचा चेहरा उजळला. बायको बारकाईनं सांगते याचं त्याला कौतुक होतं.

इंजिन आणि पुढची चाकं ज्या लोखंडी फ्रेमवर असतात, ती फ्रेम चार रबरी बुशांनी गाडीच्या अंगाला जोडलेली असते. दुसऱ्या दिवशी शेषरावनं फ्रेमवरून गाडीच्या अंगापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली, गाडी रस्त्यावर नेली, दोनदा करकचून ब्रेक मारला आणि परत येऊन खाली शिरला. रेघ तुटली होती. फ्रेमवरचा तुकडा दोन सूत मागं सरकला होता. टॉमीचा लोखंडी दांडा घालून जोर दिला तर अख्खी फ्रेम हातात आल्यासारखी हलली. बुश पार झिजून गेले होते. त्याला इतका आनंद झाला की खालूनच ओरडून त्यानं जनकाबाईला सांगितलं, "सापडला! सापडला चोर!"

दोन दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. चारही बुश नवे टाकले. तेवढ्यावरही त्याचं समाधान होईना. त्यानं गाडी दीक्षाच्या हातात दिली आणि आपण मागच्या सीटवर जनकाबाईसारखा आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. पुसेगावच्या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक झाले.

"मार ब्रेक," तो म्हणाला. दीक्षानं मारला.

"आनिक एकदा."

"बाबा, झालं की. काहीच लागंना."

"न्हाईच लागत!" शेषराव उठून बसला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता. "आता तिच्या पोटातलं पाणी हलायचं न्हाई बघ." दीक्षा आरशातून बापाकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण इतक्या खुशीत असलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून तिनं गाडी घराकडे वळवली.

मंगळवारी वसमतच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद लागलं. पुढं हळदीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो, मागं एसटी. शेषरावनं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून हातात घेतली. एसटीचंही इंजिन बंद झालं. बाहेर एक बाई काकड्या विकत होती, तेवढाच आवाज.

"आई गं!" जनकाबाई एकदम कण्हली. "बसला. लई जोरात बसला."

"कधी?" सवयीनं शेषरावच्या तोंडून निघून गेलं.

"आत्ता. बगा ना, बसूनच राहिला. तुमी लई हाकून राहिले आज. हळू घ्या जरा."

जनकाबाईचे डोळे मिटलेले होते. शेषरावनं मुठीतल्या किल्लीकडे बघितलं. गिअर नव्हता, ब्रेक नव्हता, खड्डा नव्हता; गाडी दगडासारखी उभी होती. सगळं वगळून झालं होतं. त्यानं आरशात बघितलं, तर दीक्षा खिडकीबाहेर तोंड करून बसलेली. तिला हे आधीपासून माहीत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

"बाबा..." दीक्षा हळूच म्हणाली.

"एक बुश राहिला, जनका," शेषराव घाईघाईनं म्हणाला. "फ्रेमच्या मागच्या अंगाचा. नजरंतून सुटला माझ्या."

"मंग टाकून घ्या की."

"टाकतो."

त्या दिवशी नांदेडला औषध चढवलंच नाही. जनकाबाईला बाहेर स्ट्रेचरवर ठेवून दोघं आत गेले. डॉक्टर दीक्षाला म्हणाले, आता एवढ्या लांब आणून हाल करू नका. दुखण्याच्या गोळ्या वाढवून देतो. घरीच राहू द्या.

मागच्या खुर्चीतून शेषराव पहिल्यांदाच बोलला. "किती दिस, साहेब?"

"महिना," डॉक्टर म्हणाले. "फार तर दीड."

बाहेर आल्यावर जनकाबाईनं विचारलं, "काय म्हनले?"

"पुढल्या मंगळवारी या म्हनले," शेषराव म्हणाला, आणि तिच्या अंगावरची चादर नीट करायला लागला.

पुढचा मंगळवार उजाडला. जनकाबाईनं पहाटेच दीक्षाकडून डोकं विंचरून घेतलं, धुतलेलं लुगडं नेसवून घेतलं आणि ओट्यावरच्या बाजेवर तयार होऊन पडली. गाडीची पुढची दोन्ही चाकं काढून ठेवलेली होती. शेषराव जॅकवर उचललेल्या गाडीखाली होता.

"कवा निघायचं?" तिनं विचारलं.

"बुश बसला का लगेच."

गाडीखाली करण्यासारखं काहीही नव्हतं. चारही बुश कोरे होते, नट घट्ट होते. तरी त्यानं एकेक चाचपून बघितला. कुठंतरी काही ढिलं सापडावं, फाटलेलं, झिजलेलं काहीतरी हाताला लागावं, असं त्याला फार वाटलं. काहीच लागलं नाही. मग त्याला रडू आलं. गाडीखाली ते बरं होतं, बाहेर दिसायचे ते नुसते पाय.

"अवो," बाजेवरून हाक आली, "ठोकायचा आवाज काहून येत न्हाई? झोपले का काय?"

शेषरावनं बाहीनं तोंड पुसलं. "ठोकतो, ठोकतो."

"घाई करू नका. बराबर बसवा. आज न्हाई तर उद्या जाऊ."

त्यानं चाचपडत हातोडी शोधली. शेजारी एक जुनी लोखंडी पट्टी पडली होती, तिच्यावर त्यानं घाव घातला. फ्रेमवर नाही घातला. नव्या बुशांना उगाच कशाला त्रास. जनकाबाई समाधानानं हुंकारली. दीक्षा आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होती.

मग जेवणवेळेपर्यंत, थोड्या थोड्या वेळानं, तो ठोकत राहिला.