पळण्याचं त्रैराशिक

"बाई, पळून कधी कोणाचं डोकं चाललंय का हो?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि तोफेला वाटलं, आपला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून दुप्पट मोठा होऊन परत आलाय. मागे चष्मिष आणि लंबू, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. "विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहतो." मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा चोरासारखी पुटपुटायची. मग वक्तृत्व स्पर्धेला ऐनवेळी कुणीतरी आजारी पडलं, हिला पुढे ढकललं, आणि तेव्हापासून जी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. सगळी दहावी तिला तोफ म्हणायची. आता तोफेला बत्ती दिल्यावर ती गप्प कशी बसणार?

पीटीच्या बाई रागावतील, निदान डोळे तरी वटारतील, असं सगळ्यांना वाटलं. सत्तावन्न वर्षांच्या बाई, घट्ट अंबाडा, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात ऐकू जाईल असा आवाज. पण त्यांनी पिशवीतून एक छोटी डायरी काढली आणि तिची पानं चाळायला लागल्या.

"बारा शब्द वाचते. ऐकायचं आणि मग आठवतील तेवढे सांगायचे. चमचा, पूल, लोकर, आरसा, शिडी..."

तोफेला पाच आठवले. सहावा तिने ठोकून दिला, तो यादीत नव्हताच. पोरं फिदीफिदी हसली.

"आता बुटाची नाडी बांध आणि तीन फेऱ्या मार. कशा मारायच्या? शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा. धापा टाकत आलीस तर परत पाठवीन."

तीन फेऱ्या झाल्या, पाणी पिऊन झालं, दहा मिनिटं गेली. बाईंनी नवे बारा शब्द वाचले. तोफेला आठ आठवले.

"योगायोग!" तोफ म्हणाली.

"असू शकतो," बाई शांतपणे म्हणाल्या आणि डायरीत पाच आणि आठ लिहून घेतले. "म्हणून तर उद्याही विचारणार. परवाही. सव्वीस वर्षं विचारतेय. कधी फरक पडतो, कधी नाही पडत. पण पडतो तेव्हा बहुतेक वेळा याच बाजूला पडतो."

"म्हणजे पळून गणित येतं?"

"छे गं! गणित गणित करूनच येतं. पण गणिताला बसलेलं डोकं जागं हवं की पेंगुळलेलं, एवढंच तुझ्या हातात आहे."

दप्तराची पैज तोफ जिंकली. पण वरच्या व्हरांड्यात त्या वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, क्षणभर थांबल्या होत्या आणि त्यांनी फक्त पहिला प्रश्न ऐकला होता, हे तिला कळलं ते पुढच्या सोमवारी.

सोमवारी फळ्यावर नवं वेळापत्रक लागलं. दहावीच्या पीटीच्या दोन्ही तासांवर गणित.

"अरे वा, सुटलो!" असं मागच्या बाकावरचा कोणीतरी ओरडला, पण गणित वाचल्यावर त्याचाही आवाज बसला. गणिताचे सर खडू झटकत म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. परवाच्या मीटिंगमध्ये मोठ्या बाईच म्हणाल्या, मुलंच भर मैदानात विचारतात, पळून कधी डोकं चालतं का म्हणून. मग त्यांच्या परीक्षेच्या वर्षात आपण तरी का पळवायचं?"

वर्ग हळूहळू वळून तिच्याकडे बघायला लागला. लंबूने बाकाखालून तिच्या पायावर पाय ठेवला, म्हणजे 'गप्प बस'.

मधल्या सुट्टीत ती पीटीच्या बाईंना शोधत गेली. बाई मैदानावर नव्हत्या. त्या तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत बसून हवा गेलेले बॉल वेगळे काढत होत्या. तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. दहावी हा त्यांचा शेवटचा मोठा वर्ग. लहान वर्ग नव्या सरांकडे गेले होते. तोफ दारात उभी राहिली, तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, म्हणजे गेल्या वर्षभरात पहिल्यांदा, तिला शब्द सुचला नाही. ती तशीच मागे फिरली आणि थेट मोठ्या बाईंच्या केबिनवर जाऊन धडकली.

"मॅडम, तो प्रश्न माझा होता. पैजेतला होता. आणि त्याचं उत्तर तुम्ही ऐकलंच नाहीत."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "बरं. काय उत्तर आहे?"

"सांगत नाही, दाखवते. शुक्रवारी. वर्गातली तीस मुलं. पंधरा बसून राहतील, पंधरा पळतील. मग सगळ्यांना वीस शब्द. पळणारे जिंकले तर तास परत द्यायचा."

"आणि हरले तर?"

"हरणार नाहीत," तोफ म्हणाली. मोठ्या बाईंना हसू आलं, पण त्या हो म्हणाल्या.

आता खरं तर पीटीच्या बाईंना विचारायला हवं होतं. पण बाई मंगळवार ते शुक्रवार रजेवर होत्या, यजमानांना तपासण्यांसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. आणि तोफेला वाटलं, बाई सोमवारी येतील तेव्हा वेळापत्रक बदललेलं असेल, त्यांचे डोळे विस्फारतील, काय मजा येईल! गुरुवारी संध्याकाळी तिने वहीच्या मागच्या पानावर चक्क त्रैराशिक मांडलं. तीन फेऱ्यांना तीन शब्द वाढले, तर आठ फेऱ्यांना किती? आठ! चष्मिष, जी वर्गात गणितात पहिली, तिने चष्मा सावरत उत्तर तपासलं आणि बरोबरची खूण केली. दोन हुशार मुलींनी मिळून इतका ठार वेडेपणा क्वचितच केला असेल.

शुक्रवारी भर दुपारी पंधरा जण पळाले. आठ फेऱ्या. वर तोफ काठावरून ओरडतेय, "जोरात! बाईंसाठी! आळशासारखे काय पळताय?" सहाव्या फेरीला एकाच्या पोटात कळ आली. सातवीला लंबू चक्क चालायला लागली आणि चालता चालता तोफेला शिव्या घालत होती. आठवी संपली आणि दोन मिनिटांत मोठ्या बाईंनी शब्द वाचायला सुरुवात केली, तेव्हा पंधरा जण खुर्च्यांवर वाळत घातलेल्या टॉवेलांसारखे पडले होते. एक मुलगा पेपर कोरा ठेवून नळावर गेला आणि तिकडेच ओकला.

बसलेल्यांना सरासरी बारा शब्द आठवले. पळालेल्यांना नऊ.

मोठ्या बाईंनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मग म्हणाल्या, "तू धीट आहेस, हे चांगलं आहे. पण वेळापत्रक तसंच राहील." त्यांनी जरा टोमणा मारला असता तर तोफेला बरं वाटलं असतं.

शनिवारी पहाटे ती सहाला शाळेवर गेली. बाई रोज या वेळी मैदानावर असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. कशाला असतात, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. बाई होत्या, आणि त्यांच्या हाताला धरून एक उंच, सडपातळ गृहस्थ चालत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लावलेलं भिंग.

"हे आमचे," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. अहो, ही माझी विद्यार्थिनी."

"कोणाची?" घड्याळकाकांनी हसून विचारलं.

"माझी."

तोफ त्यांच्याबरोबर चालायला लागली आणि चालता चालता तिने सगळं ओकून टाकलं. पैज, मीटिंग, त्रैराशिक, आठ फेऱ्या. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. बाई ऐकत होत्या. आठ फेऱ्यांपाशी आल्यावर त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवला आणि इतक्या मोकळ्या हसल्या की कुंपणावरचे कावळे उडाले.

"आठ! भर दुपारी! आणि लगेच पेपर! अगं, माणसं आहेत ती, गिरणीचे पट्टे नव्हेत."

"बाई, हसू नका ना. माझ्यामुळे तुमचा तास गेला."

"तुझ्यामुळे नाही. तुझ्या प्रश्नाआधी तीन वर्षं तो जायच्या वाटेवर होता. तू फक्त दार उघडून दिलंस." बाईंनी पदराने डोळे पुसले, हसून आलेलं पाणी. "पण मी नसताना परीक्षा घेतलीस, याचा राग आहे हां मला."

दुसरी फेरी सुरू झाली. घड्याळकाकांनी तोफेकडे वळून विचारलं, "तू कोण गं बाळ?"

"ती माझी विद्यार्थिनी," बाईंनी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या आवाजात सांगितलं.

मग त्या तोफेला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, चालवत राहा. बरे होणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण जे आहे ते जरा हळू जावं, म्हणून रोज आणते. बसून राहिले की दिवसभर खिडकीत गप्प. चालून आले की दुपारी एखादं जुनं घड्याळ उघडून बसतात. रोज नाही. पण बसतात."

"आणि आम्हाला तीन फेऱ्याच का?"

"दमण्यासाठी पळायचंच नसतं गं. ताजं होण्यासाठी पळायचं. पहिलीतली पोरं लंगडी घालतात ना, तेव्हा नुसता पायच नाही, थांब आणि जा हेही डोकं शिकत असतं. तुमच्या वयात लक्ष उडतं, मनात वादळं चालतात, तेव्हा रोजचं थोडं पळणं लगाम होतं. पुढे तुझ्या आईबाबांच्या वयात दिवसभर खुर्ची, रात्री झोप नाही. आणि मग यांच्या वयात..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं. "एका दिवसात आठ फेऱ्या मारून यातलं काही साठवता येत नाही. रोज थोडं. कंटाळवाणं वाटतं ना? आहेच कंटाळवाणं. म्हणून तर वेळापत्रकात लागतं."

तिसऱ्या फेरीच्या वळणावर घड्याळकाका अचानक थांबले. त्यांनी तोफेला नीट निरखलं.

"आठ फेऱ्यावाली ना तू?"

बाईंनी तोफेचा हात इतका घट्ट दाबला की तिला दुखलं. पण ती हलली नाही.

सोमवारी ती परत मोठ्या बाईंकडे गेली. या वेळी दारावर टकटक करून. परीक्षा चुकीची घेतली, हे आधी कबूल केलं. मग विचारलं, शाळा भरायच्या आधी, सहा ते पावणेसात मैदान मिळेल का? तासात नको, वेळापत्रकात नको. ज्यांना यायचंय ते येतील. आणि पीटीच्या बाई शिकवतील, त्यांना मी विचारलंय, त्या 'बघू' म्हणाल्यात आणि बाईंचं 'बघू' म्हणजे हो.

"मुलं येतील?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सध्या अकरा. लंबू धरून. ती अजून शिव्या घालते, पण येते म्हणालीय."

मोठ्या बाईंनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून तिच्यापुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी घरी जेवणं व्हायची होती. आई, जी औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते, पाय खुर्चीवर टाकून बसली होती. बाबा, जे नळाच्या पाइपलाइनींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतात आणि दहा दहा तास खुर्चीवरून उठत नाहीत, मान चोळत होते. तोफ दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"एक सांगायचंय. मध्ये बोलायचं नाही."

"म्हणजे काहीतरी फोडलंस," बाबा म्हणाले.

"नाही. मी सकाळची शिकवणी बंद करतेय."

"काय?" आई खुर्चीवरून उठलीच. "दहावीचं वर्ष आहे! डोकं ठिकाणावर आहे का?"

"त्यासाठीच तर! शिकवणी सोडत नाहीये, संध्याकाळच्या बॅचला जाणारे, सरांशी बोलून आलेय. गणित करूनच येतं, ते मला पाठ आहे. पण सकाळी सहाला मी मैदानावर असणार. परीक्षेपर्यंत आणि परीक्षा झाल्यावरही. बाई निवृत्त झाल्यावरही. बाईंचा तास मी घालवला, आता तो मी चालवणार."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान चोळायची थांबवली.

"आणि बाबा," तोफेने पाठीमागे धरलेला फॉर्म टेबलावर ठेवला, "रोज एक जबाबदार मोठं माणूस हजर पाहिजे, अशी शाळेची अट आहे. तिथे मी तुमचं नाव लिहून आलेय. खाली सही करा. पाच वाजता उठवीन."